आधी कोंदण, मग हिरा

ताई, नमस्कार. माझं वय २८. मी सांगलीत राहतो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. मार्गशीर्षात माझा साखरपुडा आहे. होणारी बायको मिरजेच्या एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये नर्स आहे. तिच्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायची म्हणून सव्वा लाख बाजूला ठेवलेत, पण जितकी दुकानं फिरतो तितका गोंधळ वाढतोय. आई म्हणते, अंगठी २२ कॅरेटचीच हवी, १८ कॅरेट म्हणजे निम्मं तांबं. मित्र म्हणतो, प्लॅटिनमला मरण नाही. एका दुकानात सांगितलं की खाणीतला हिरा तुमच्या बजेटमध्ये तीस सेंटचा, म्हणजे ०.३ कॅरेटचा बसेल, लॅबमध्ये बनवलेला घेतला तर एक कॅरेटचा. दुसऱ्या दुकानात म्हणाले, सर्टिफिकेटवर व्हीव्हीएस बघा, बाकी काही बघू नका. कंपनीतले म्हणतात, या अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालायचाच असतो. ती स्वतः काहीच मागत नाही, 'तू आणशील ते' म्हणते. मला भीती एकच आहे. आईच्या लग्नातल्या अंगठीतला खडा दोन वर्षांतच कणीक मळताना पडला, तो सापडलाच नाही. ती रिकामी अंगठी अजून आईच्या डब्यात आहे. हिच्या बाबतीत तसं व्हायला नको. काय घेऊ?
– एक वाचक, सांगली

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुकानांनी, मित्रांनी आणि कंपनीतल्या लोकांनी तुमच्या डोक्यात घातलेले प्रश्न पत्राच्या सुरुवातीला आहेत. तुमचा स्वतःचा प्रश्न शेवटी आहे, आणि तोच खरा आहे. माझी निम्मी हयात दागिने दुरुस्तीच्या टेबलावर गेली. तिथे 'माझ्या हिऱ्याचा रंग एक पायरी कमी आहे हो' म्हणत कुणी येत नाही. बायका येतात त्या मुठीत रिकामी अंगठी धरून. म्हणून हिऱ्याचं नंतर बघू. आधी तो हिरा धरून कोण ठेवणार, ते ठरवू.

सुरुवात आईंच्या अंगठीपासून. मी ती पाहिलेली नाही, पण त्या काळात आपल्याकडे लग्नाची अंगठी २२ कॅरेटचीच घडवत. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं. त्याचा रंग सुंदर, मोड चांगली येते, पण ते मऊ असतं. बांगडीला, पाटल्यांना, वेढणीला हा मऊपणा चालतो, कारण तिथे सोन्याला काही धरून ठेवायचं नसतं. खड्याच्या अंगठीत मात्र सोन्याच्या बारीक तारांचे चार किंवा सहा दात खड्याला वरून धरून असतात. दुकानात त्यांना प्राँग म्हणतात. परातीच्या काठावर, नळाच्या तोटीवर, बसच्या दांडीवर आपटून हे दात थोडे थोडे झिजतात, थोडे थोडे उघडतात. एक दिवस पिठाचा गोळा दाताखाली शिरतो, हात ओढला जातो आणि खडा निघून येतो. आईंचा खडा असाच गेला असण्याची शक्यता मला फार वाटते. तसं असेल तर त्या ज्या २२ कॅरेटचा आग्रह धरताहेत, त्यानेच त्यांचा खडा घालवला. हे त्यांना वाद म्हणून सांगू नका. ती रिकामी अंगठी डब्यातून काढा, भिंग लावून दोघं मिळून तिचे दात बघा. काय झालं ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

१८ कॅरेट म्हणजे निम्मं तांबं, हे मात्र खरं नाही. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं, उरलेल्या पाव हिश्श्यात मुख्यतः तांबं आणि चांदी. हा पाव हिस्सा भेसळ म्हणून नव्हे, ताकदीसाठी घातलेला असतो. पाच ग्रॅमची अंगठी घेतली तर २२ कॅरेटमध्ये ४.५८ ग्रॅम शुद्ध सोनं येतं आणि १८ कॅरेटमध्ये ३.७५ ग्रॅम. भावही त्याच प्रमाणात कमी लागतो, म्हणजे नुकसान कुणाचंच होत नाही. अंगठीच्या आत बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, '१८के७५०' हा शिक्का आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून आईंसमोरच तपासा. हिशेब पटला तरी मनातून हळहळ राहील, आणि मला ती समजते. आपल्या घरात सोनं म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारा आधार, तो जितका शुद्ध तितका बरा. त्यांच्या समाधानासाठी पुढे लग्नात २२ कॅरेटची साधी वेढणी करा. तिला कसलंच ओझं पेलायचं नसतं, तिथे २२ कॅरेट शोभतं. हिऱ्याखाली १८.

आता तुमच्या होणाऱ्या बायकोचा हात. अंगठी रोज कुठल्या कामात असणार हे ठरल्याशिवाय धातू ठरवताच येत नाही, आणि आयसीयूतल्या नर्सइतकं कठीण काम अंगठीला क्वचितच मिळतं. दिवसातून कितीतरी वेळा हात धुणं, जंतुनाशक चोळणं, ग्लोव्हज चढवणं, उतरवणं. म्हणून तिला पहिला प्रश्न हा विचारा: वॉर्डात अंगठी घालायला परवानगी आहे का? खड्याच्या अंगठीखाली जंतू साठतात, म्हणून अनेक ठिकाणी आयसीयूत ती चालतच नाही, कुठे फक्त साधं वळं चालतं. चालत नसेल तर अंगठी रोज काढली जाणार, आणि माझा अनुभव असा की अंगठ्या बोटावरून कमी आणि काढून ठेवलेल्या जागेवरून जास्त हरवतात. वॉशबेसिनची कड, अ‍ॅप्रनचा खिसा, टिश्यूची पुडी. तसं असेल तर अंगठीबरोबरच बारीक पण मजबूत चेन घ्या, म्हणजे ड्युटीला जाताना ती गळ्यात अडकवता येईल, आणि चेनचा फासा चांगला घट्ट घ्या. वॉर्डात चेनही चालत नसेल तर ड्युटीच्या दिवशी अंगठी घरीच ठेवायची, एका ठरलेल्या डबीत, रोज त्याच जागी.

हॉस्पिटलची आणखी एक गोष्ट दागिन्यांच्या दुकानात कुणी सांगणार नाही. फरशी, भांडी, सांडलेलं रक्त पुसायला तिथे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे क्लोरीनवालं द्रावण. शुद्ध सोन्याला त्याचं फारसं काही होत नाही, पण सोन्यात मिसळलेल्या धातूंना होतं. व्हाइट गोल्डमध्ये निकेल असेल तर त्याच्या बारीक दातांना क्लोरीनने न दिसणाऱ्या चिरा जातात आणि दात एक दिवस तुटतो. शिवाय व्हाइट गोल्डची शुभ्रता त्याची स्वतःची नसते, वर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा असतो. तो घासून निघाला की खालचा पिवळट धातू डोकावतो आणि पुन्हा मुलामा चढवावा लागतो. दिवसभर हात धुणाऱ्या बाईच्या बोटावर ही पाळी लवकर येते. निकेलने काहींच्या त्वचेला खाजही सुटते, आणि ग्लोव्हजच्या आतल्या घामात ती वाढते. तिच्यासाठी व्हाइट गोल्ड नको, एवढं मी ठामपणे सांगते. सॅनिटायझरची काळजी मात्र करू नका. अल्कोहोलने सोनं किंवा हिरा बिघडत नाही.

मग प्लॅटिनम? तुमचा मित्र अगदी चुकीचं सांगत नाही. दागिन्यातलं प्लॅटिनम बहुधा ९५ टक्के शुद्ध असतं, तसा ९५० चा शिक्का त्यावर असतो. ते मुळातच पांढरं, मुलाम्याची गरज नाही, क्लोरीनला दाद देत नाही, खाजही आणत नाही. त्यावर ओरखडे पडतात, अगदी भरपूर पडतात, पण सोन्यासारखा धातू खरवडून जात नाही, तो जागच्या जागी सरकतो. त्यामुळे प्लॅटिनमचे दात वर्षानुवर्षं टिकतात. उंच दातांची अंगठीच हवी असती तर मी तुम्हाला प्लॅटिनमच सांगितलं असतं. पण त्याच मापाची अंगठी १८ कॅरेटपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जड होते. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशाला, त्यामुळे ते जोडायला वेगळी ज्योत किंवा लेझर लागतं, हत्यारंही सोन्याच्या कणांपासून लांब ठेवावी लागतात. ही सोय प्रत्येक सराफाकडे नसते. उद्या अंगठी सैल करायची झाली तर ती दुसऱ्या गावी पाठवावी लागेल का, हे घेण्याआधी विचारा. नेहमीच्या पेठेतल्या कारागिराला दुरुस्त करता येते ती अंगठी जास्त जगते. हातांनी वापरायच्या सगळ्याच वस्तूंबद्दल माझं हे मत आहे.

म्हणून तुमच्यासाठी १८ कॅरेटचं पिवळं सोनं. बोटाभोवतीची पट्टी भरीव हवी, पोकळ नको, आणि तळहाताच्या बाजूला जाडी दीड मिलिमीटरच्या खाली जायला नको. वजन कमी दाखवून किंमत बसवायची म्हणून ही पट्टी आतून खरवडून काढलेल्या अंगठ्या बाजारात खूप आहेत. वरून छान दिसतात, दहा वर्षांत मागच्या बाजूने कागदासारख्या होतात. अंगठी उलटी करून आतून बोट फिरवा, खोलगट लागली तर ठेवून द्या.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. दात असलेली अंगठी घेऊ नका. कोंदण घ्या.

कोंदण हा शब्द आपण बोलताना इतका सहज वापरतो की ती एक करायची वस्तू आहे हे विसरून जातो. हिऱ्याभोवती सोन्याची अखंड भिंत उभी करायची आणि तिची कड चारी बाजूंनी हिऱ्यावर किंचित वळवून बसवायची, हे कोंदण. आजच्या दुकानात त्याला 'बेझल सेटिंग' म्हणतात. तिथे 'कोंदण' म्हणालात तर कदाचित तुम्हाला कुंदनचे हार दाखवतील. ते वेगळं. त्यात शुद्ध सोन्याची पत्रं खड्याभोवती ठासतात, रोजच्या अंगठीसाठी ते काम नाही. तुम्ही 'फुल बेझल, बुटका' असं सांगा.

याची गरज का, तर हिरा कठीण आहे पण चिवट नाही. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी वाचतो, असा आपल्याकडे जुना समज आहे. बोध म्हणून तो मनात ठेवायला हरकत नाही, पण अंगठीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढू शकतो, ही कठीणपणाची गोष्ट झाली. घाव सोसणं ही वेगळी गोष्ट. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या रेषेत नेमका फटका बसला तर तो दुभंगतो. आणि त्याचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे त्याची कंबर, वरचे आणि खालचे पैलू जिथे मिळतात ती पातळ कड. दातांच्या अंगठीत ही कंबर दातांच्या मधल्या जागेत उघडीच असते. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात आपटला आणि कंबरेचा टवका उडाला, असे हिरे मी भिंगाखाली पाहिलेत, चांगले महागाचे. कोंदणात ही पूर्ण कंबर सोन्याच्या आत जाते. शिवाय दात ग्लोव्हजमध्ये अडकतात, लोकरीत अडकतात, रुग्णाला उचलताना त्याच्या त्वचेलाही लागू शकतात. कोंदणाची कड गोल आणि गुळगुळीत असते.

लोक म्हणतात कोंदणात हिरा झाकोळतो. थोडीशी कड झाकली जाते, हे खरं. पण हिऱ्यात प्रकाश शिरतो तो मुख्यतः वरून, आणि चांगले पैलू पाडले असतील तर वरूनच परत येतो. बाजूच्या भिंतीने फार फरक पडत नाही. उलट सोन्याची चमकती कड हिऱ्याला लागून असल्यामुळे लहान हिरा जरा मोठाच दिसतो. हिऱ्याभोवती बारीक हिऱ्यांची झालर असलेल्या अंगठ्या तुम्हाला नक्की दाखवतील. त्या दिसतात सुंदर, पण एकेका बारीक हिऱ्याला मोहरीपेक्षा लहान दाणे धरून असतात आणि तेच आधी गळतात. रोजच्या कामाच्या हाताला त्या नकोत.

कोंदणाचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा. प्रयोगशाळेचा रिपोर्ट, म्हणजे सर्टिफिकेट असलेल्या हिऱ्याच्या कंबरेवर लेझरने त्या रिपोर्टचा क्रमांक बहुधा कोरलेला असतो, भिंगातून वाचता येईल इतका बारीक. एकदा कोंदणात बसवला की तो क्रमांक सोन्याखाली जातो. म्हणून सुटा हिरा निवडा, तो बसवण्याआधी दहा पटीच्या भिंगातून क्रमांक स्वतः वाचा आणि जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळांपैकी ज्यांचा रिपोर्ट असेल त्यांच्या संकेतस्थळावर जुळवून घ्या. दुकानाने स्वतः छापलेलं जाड कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे. हिरा बसवण्याआधी आणि अंगठी हातात मिळाल्यावर, दोन्ही वेळा तुम्ही समोर हजर राहा. यात सराफाला अपमान वाटायचं कारण नाही. चांगला सराफ उलट स्वतःहून भिंग पुढे करतो.

आता हिरा. इथे मी थोडक्यात उरकते, कारण निम्मे निर्णय कोंदणाने आधीच करून टाकले आहेत.

आकार गोल घ्या. चौकोनी प्रिन्सेसचे कोपरे आणि मार्कीझची टोकं टवका उडण्याच्या जागा आहेत. गोल हिऱ्याचे कोन किती अंशांचे असावेत याचं गणित मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलं, आजचे गोल हिरे अजून त्याच वाटेने जातात. कोन चुकले तर वरून आलेला प्रकाश तळातून निसटतो आणि हिरा मधोमध काळवंडलेला किंवा काचेसारखा दिसतो, मग त्याचा रंग आणि स्वच्छता कितीही वरची असो. म्हणून पैसे घालायचेच तर पैलूंवर घाला. रिपोर्टवर 'कट' समोर 'एक्सलंट' असा शब्द हवा. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने 'फक्त व्हीव्हीएस बघा' सांगितलं, ते मला पटत नाही. व्हीव्हीएस ही हिऱ्याच्या स्वच्छतेची एक वरची प्रत. ती आणि त्याखालची व्हीएस यांतला फरक तीस सेंटच्या हिऱ्यात साध्या डोळ्यांना दिसतच नाही, दिसतो तो बिलावर. व्हीएस पुरे. त्याखालचा एसआय१ सुद्धा घ्या, पण डाग मधोमध नको आणि कंबरेपर्यंत आलेली चीर नको. आतल्या चिरा बुजवून विकायला ठेवलेला हिरा असेल तर तो घेऊच नका. दुरुस्तीच्या ज्योतीपुढे तो टिकत नाही.

रंगाची पट्टी डीपासून झेडपर्यंत जाते, डी सर्वांत रंगहीन. पांढऱ्या धातूत जी-एच शोभतो. तुमचं कोंदण पिवळं आहे, त्याची छटा हिऱ्यात उतरतेच, मग डी-ई-एफसाठी जादा पैसे मोजण्यात काय अर्थ? एच, आय छान दिसतील. इथे वाचलेले पैसे सोन्याच्या जाडीत घाला. दुकानातल्या छतावरच्या दिव्यांखाली मात्र काही ठरवू नका. तिथे प्रत्येक हिरा नाचतो. विचारून दारापाशी उजेडात न्या, हाताच्या सावलीत धरा. सावलीतही जो जिवंत दिसतो तो चांगल्या पैलूंचा.

वजनाबद्दल एक हिशेब सांगते, तो नीट पाहा. सोन्याचं कॅरेट शुद्धता सांगतं, हिऱ्याचं कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. अर्ध्या कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण ५.१ मिलिमीटर, एक कॅरेटचा साधारण ६.५. वजन दुप्पट झालं, पण रुंदी पावपटीनेच वाढली. तीस सेंटचा हिरा साधारण ४.३ मिलिमीटरचा. आता उंची. गोल हिऱ्याची उंची व्यासाच्या साधारण ६० टक्के असते. म्हणजे तीस सेंटचा हिरा अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि एक कॅरेटचा जवळपास चार मिलिमीटर. त्याखाली सोन्याचा तळ आला की अंगठी बोटावर केवढी उभी राहील याचा अंदाज करा. ती उंची ग्लोव्हजमध्ये मावायची आहे.

त्यामुळे लॅबचा की खाणीतला, हा वाद तुमच्यासाठी मुळात आकाराचा नाहीच. लॅबचा हिरा खोटा नसतो. तो कार्बनचाच स्फटिक, तितकाच कठीण, तितकाच चमकदार. डोळ्यांनी तर सोडाच, साध्या टेस्टर पेननेही वेगळा ओळखता येत नाही. अमेरिकन डायमंड म्हणून विकतात ते झिरकोनियाचे खडे किंवा मॉयसनाइट यांच्याशी त्याची गल्लत करू नका, ते पदार्थच वेगळे. लॅबच्या हिऱ्यांचे भाव मात्र गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत आणि परत घेताना त्याला फार कमी ठिकाणी किंमत मिळते. खाणीतल्या हिऱ्याची अदलाबदल बरीच दुकानं करतात, पण आपल्याच मालाची आणि आपल्या अटींवर. ती अट लेखी घ्या. सोन्यासारखी मोड हिऱ्याला येत नाही, खाणीतल्याही नाही, हे आईंना आत्ताच सांगून ठेवा. अंगठीतलं सोनं हा तुमचा ठेवा, हिरा हा तिच्यासाठीचा खर्च, असं धरून चला म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटणार नाही.

माझं मत विचाराल तर मोठा दिसावा म्हणून लॅबचा एक कॅरेट घेऊ नका. पैसे वाचवायला लॅबचा घेणार असाल तर खुशाल घ्या, पण तोही तीस-चाळीस सेंटचाच. आणि ते तिला सांगून घ्या. काही मुलींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना वाटतं, आणि पाच वर्षांनी कुठल्या तरी सराफाच्या तोंडून कळलं तर अंगठीपेक्षा मोठी गोष्ट दुखावली जाईल. खाणीतला घेणार असाल तर २८ किंवा २९ सेंटचा मागून बघा. हिऱ्याचा दर टप्प्यांनी ठरतो, तीस सेंटला टप्पा बदलतो, तसाच पन्नासला आणि शंभरला. टप्प्याच्या जरा खालचा हिरा स्वस्त पडतो आणि कोंदणात तो एका सेंटचा फरक कुणालाही दिसत नाही.

दोन पगारांचं गणित मनातून काढून टाका. ते आपल्या कुठल्याही रूढीतून आलेलं नाही. डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातींनी ते परदेशात रुजवलं आणि तिथून इथे आलं. तुम्ही बाजूला ठेवलेले सव्वा लाख पुरेसे आहेत. त्यासाठी कर्ज काढू नका.

बिल पक्कं घ्या. त्यात सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता, हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये, रंग, स्वच्छता, रिपोर्टचा क्रमांक, खाणीतला की लॅबचा, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी हे सगळं सुटं सुटं लिहिलेलं हवं. हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नको. घडणावळीवर घासाघीस जरूर करा, पण जाडीवर नको. 'दोन ग्रॅम कमी करून बसवून देतो' म्हटलं तर नको म्हणा.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून ड्युटी केलेल्या हाताची बोटं सकाळपेक्षा जाड असतात, उन्हाळ्यात आणखी. मार्गशीर्षाच्या थंडीतल्या सकाळी घेतलेलं माप वैशाखात आवळेल. पट्टीच्या मागच्या बाजूला नक्षी किंवा खडे ठेवू नका, म्हणजे पुढे बाळंतपणात, वयानुसार बोट बदललं तर अंगठी कापून एखादं माप मोठी करता येईल.

आणि कणकेबद्दल. कोंदणात हिरा सुरक्षित असला तरी कणीक मळताना अंगठी काढायला सांगा, कारण वेगळं आहे. हिऱ्याला तेला-तुपाची ओढ असते. पाण्याने तो ओला होत नाही पण चरबीला चिकटतो. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत याच गुणाचा उपयोग करत. चरबी फासलेल्या टेबलांवरून खडी पाण्याबरोबर वाहू देत, बाकी दगड पुढे जात आणि हिरे चिकटून राहत. तोच गुण स्वयंपाकघरात त्रास देतो. मोहनाचं तेल, फोडणीची वाफ, हाताला लावलेलं क्रीम हिऱ्याच्या पाठीवर बसतं आणि हिरा मेल्यासारखा दिसायला लागतो. बायका घाबरून येतात की हिरा बदलला गेला. बदललेला नसतो, फक्त मळलेला असतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अंगठी पंधरा-वीस मिनिटं ठेवायची आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने मागून घासायची. आधी बेसिनच्या तोंडावर गाळणी ठेवायची. टूथपेस्ट लावायची नाही, त्याने सोन्यावर ओरखडे पडतात. यासाठी कोंदणाचा तळ उघडा हवा, बंद तळ असला तर आतला मळ निघत नाही. ऑर्डर देतानाच हे सांगून ठेवा.

महिन्यातून एकदा अंगठी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारायची. हिरा हलत असेल तर बारीक टकटक ऐकू येते. कापसाचा बोळा कोंदणाच्या कडेवरून फिरवायचा, तंतू अडकला तर तिथे कड उचलली गेली आहे. असं काही आढळलं तर त्या दिवसापासून अंगठी घालायची नाही, आधी कारागिराकडे. एरवी वर्षातून एकदा दाखवली की पुरे.

जमलं तर आईंची ती रिकामी अंगठीही दुकानात घेऊन जा. तिचं सोनं या नव्या अंगठीत घालता येईल का, ते आधी आईंना विचारा, मग कारागिराला. जुन्या सोन्यात जोडकामाचा धातू असतो, तसंच वितळवून घातलं तर नव्या अंगठीत बारीक भोकं राहतात, म्हणून ते आधी शुद्ध करून घ्यावं लागतं, त्यात थोडी घट येते. आईंना ती डब्यातच ठेवावीशी वाटली तर आग्रह करू नका.

'तू आणशील ते' म्हणणाऱ्या मुलीला घरी ठेवून एकट्याने जाऊ नका. तिच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी दोघं जा आणि निघताना तिला ग्लोव्हजची एक जोडी पर्समध्ये टाकायला सांगा. दुकानात तुमच्या पसंतीच्या उंचीचा नमुना तिच्या बोटात घाला, वरून ग्लोव्ह चढवा, आणि तिला मूठ उघडून मिटून बघू द्या. कुठे टोचतंय, कुठे ताणतंय, ते ती सांगेल.